मृत्यूची नोंद आणि मरणाऱ्याची नोंद

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव बाहेरच्या माणसाला बहुधा दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे तेथील तेरणा सहकारी साखर कारखाना आणि दुसरी म्हणजे बार्शी लाइट रेल्वेचा जुना मार्ग. गोरोबाकाकांचे तेर येथून जवळच आहे. ढोकीहून पश्चिमेला निघाले की येडशीवरून बार्शी लागते. वायव्येकडे वळले तर बालाघाटच्या डोंगररांगेत कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र लागते. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचे एरवी कोणाच्या मनात येणार नाही. एक तीर्थ आहे, दुसरे बाजारपेठेचे गाव आहे. परंतु माणूस मरणाच्या वाटेला लागल्यावर त्याच्याभोवतीच्या माणसांनी काय करावे, या प्रश्नाचा इतिहास मराठवाड्याच्या या कोपऱ्यात शोधू लागलो तेव्हा याच दोन ठिकाणी आम्हांला पुनःपुन्हा थांबावे लागले. एका ठिकाणी मरणाऱ्याच्या शुश्रूषेची अत्यंत तपशीलवार कल्पना पाहावयास मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी मृत्यूंची अत्यंत काटेकोर मोजणी. या दोहोंची गाठ मात्र पडलेली दिसत नाही. ती का पडली नाही आणि पडावी असे आम्हांस का वाटते, हे या टिपणात मांडावयाचे आहे.

प्रथम कुंथलगिरी. आचार्य शांतिसागर हे विसाव्या शतकातील दिगंबर जैन मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन करणारे साधू म्हणून ओळखले जातात. त्यांचा जन्म १८७२ सालचा. उतारवयात त्यांची दृष्टी क्षीण होत गेली. पायाखालचा जीव दिसत नसेल तर अहिंसेचे व्रत निर्दोष पाळता येणार नाही, या विचाराने त्यांनी १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरीवर सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर रोजी, ३६ व्या दिवशी, देह ठेवला. त्या वेळी हा भाग हैदराबाद राज्यात होता. सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीत केलेला उपदेश ध्वनिमुद्रित झालेला आहे. अन्न सोडलेल्या वृद्धाचा तो आवाज मराठी भाषेच्या अभ्यासकांनीही ऐकावा असा आहे. मरणोन्मुख माणसाबद्दल इतरांनी लिहिलेले आपल्याकडे पुष्कळ आहे. त्याचे स्वतःचे बोलणे असे जतन झालेले फारच थोडे.

सल्लेखनेवर चर्चा होते ती बहुतेक वेळा 'ही आत्महत्या की नव्हे' या एकाच प्रश्नाभोवती. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने ती दंडनीय ठरविली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, हे वाचकांना आठवत असेल. तो वाद महत्त्वाचा असला तरी त्याच्या गदारोळात या परंपरेची दुसरी बाजू झाकून जाते. ती बाजू म्हणजे सल्लेखना घेणाऱ्याची सेवा. शिवार्यांचा 'भगवती आराधना' हा प्राकृत ग्रंथ या विषयावरचा आधारग्रंथ मानला जातो; सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून तो प्रकाशितही झाला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो वेगळ्या वाटेने परिचित असण्याचा संभव आहे, कारण डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेल्या हरिषेणाच्या 'बृहत्कथाकोशा'तील कथांचे मूळ या आराधनेच्या परंपरेत आहे.

या ग्रंथात देह ठेवू पाहणाऱ्या साधूला 'क्षपक' म्हटले आहे आणि त्याला शेवटापर्यंत नेऊन पोहोचविणाऱ्या साधूंना 'निर्यापक'. असे ४८ निर्यापक असावेत आणि त्यांनी चार-चारांच्या गटांत कामे वाटून घ्यावीत, असे त्यात सांगितले आहे. चौघांनी क्षपकाला उठवावे, बसवावे, कुशीवर वळवावे. चौघांनी त्याला धर्मकथा सांगाव्यात. काहींनी अन्नाची व पाण्याची व्यवस्था पाहावी, चौघांनी मलमूत्र उचलावे, चौघांनी त्याच्या दाराशी राहावे, चौघांनी झोप जिंकून रात्र जागवावी. प्रदेशातील बऱ्यावाईट परिस्थितीवर लक्ष ठेवण्यासाठीही चौघे नेमलेले आहेत. इतकी माणसे मिळत नसतील तर संख्या कमी करावी. मात्र ती दोनच्या खाली नेऊ नये. निर्यापक एकटाच असेल तर त्याच्या स्वतःच्या आहार-विश्रांतीसाठी क्षपक एकटा पडेल, नाहीतर क्षपकाजवळ बसून तो स्वतः कोलमडेल, असा त्यामागील विचार आहे.

हा शेवटचा नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्यात मरणाऱ्याबद्दलची करुणा आहेच, पण त्याबरोबर शुश्रूषा करणाऱ्याच्या मर्यादेची जाणही आहे. दुसरे असे की, कथा सांगणे आणि मलमूत्र उचलणे या दोन कामांना येथे एकाच यादीत, सारख्या मनुष्यबळानिशी स्थान मिळाले आहे. त्यांतील एक काम श्रेष्ठ आणि दुसरे हलके असा भेद केलेला नाही.

येथे सावध राहणे मात्र आवश्यक आहे. या ग्रंथाकडे बोट दाखवून 'आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. क्षपक हा स्वेच्छेने, दीर्घ तयारीनंतर आणि संघाच्या संमतीने मरणाला सामोरा जाणारा साधू आहे. त्याच्या पाठीशी एक संघटित समुदाय उभा असतो. खेड्यातल्या एखाद्या शेतमजूर बाईला कर्करोग होतो तेव्हा तिने काहीही स्वीकारलेले नसते, आणि तिच्यामागे ४८ सोडाच, पाळीपाळीने बसणारी दोन माणसे मिळणेही कठीण असते. म्हणून परंपरेतून घ्यावयाचा तो उपवास नव्हे, तर शुश्रूषा हे विचारपूर्वक वाटून घेण्याचे काम आहे, एवढी दृष्टीच तेवढी घ्यावी.

गृहस्थांच्या घरांतील शुश्रूषेची अशी यादी कोणी केली नाही. ती जेथे टिकली ती ललित वाङ्मयात. पण तेथेही निरोप आणि शुश्रूषा यांत फरक करावा लागतो. नामदेवांच्या गाथेतील समाधिप्रकरण हे निरोपाचे काव्य आहे. रोग्याच्या अंथरुणाशी त्याचा संबंध नाही. याउलट साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकाच्या अखेरच्या रात्री आजाऱ्याच्या अंथरुणापाशी घडतात. श्याम दूर शिकत असतो आणि आईजवळ येऊन राहते ती सखूमावशी. पुस्तक सर्वांच्या लक्षात राहिले ते आईमुळे. सखूमावशीचा विचार वाचक क्वचितच करतात. पण मराठी घरांतील अंतकाळच्या सेवेचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याची नायिका सखूमावशीच ठरेल. बहीण, सून, लेक, कधी शेजारीण यांनी ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि ते काम 'आपलेपणाने' केलेले म्हणून कोठेही नोंदले गेले नाही. मग ती सेवा करणारीच अंथरुणाला खिळली तर काय, हा प्रश्नही त्यामुळे विचारला गेला नाही.

हाच प्रश्न आम्हांला बार्शीकडे नेतो. १९४८ पर्यंत उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात आणि बार्शी मुंबई इलाख्यात होती. आजही जिल्हे वेगळे आहेत. तरीही रोग्यांच्या दृष्टीने बार्शी ही या टापूची जवळची मोठी जागा. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आधाराने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिने हाती घेतले. कुंथलगिरी भूम तालुक्यातच येते, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते; खेड्यातील रोगी रुग्णालयात पोहोचतच नाही, म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, संशयित लक्षणांची विचारपूस करून ही नोंद उभी केली. त्यातून स्पष्ट झाले की या भागातील स्त्रियांना ग्रासणारा प्रमुख कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे. गावात जाऊन केलेल्या या बोलण्याचा परिणाम असा झाला की रोग लवकरच्या अवस्थेत घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. मोजणी हेदेखील एक प्रकारचे लक्ष देणे असते, हे बार्शीने दाखवून दिले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

या पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे रुग्णालय आणि लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागले गेले. तीन गटांतील स्त्रियांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली; चौथ्या गटाला नेहमीच्याच व्यवस्थेवर ठेवण्यात आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला उस्मानाबादच्या खेड्यांनी शिकविले. पुढे अनेक देशांच्या धोरणांत हा निष्कर्ष आधारभूत ठरला. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिकदृष्ट्या योग्य होते काय, यावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत तीव्र वादही झाला.

तो वाद आवश्यक होता. तरी या आकड्यांकडे आम्ही आणखी एका बाजूने पाहू इच्छितो. चाचणीने मोजले ते रोगाचे प्रमाण, निदानाच्या वेळची अवस्था आणि मृत्यू. मृत्यू कसा आला, हे मोजावयाच्या गोष्टींत नव्हते. ३४ आणि ६४ या दोन्ही संख्यांतील प्रत्येक एककामागे काही आठवडे किंवा महिने आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेला की कंबरेत आणि पायांत मज्जातंतूंची कळ उठते, रक्तस्राव होतो, मूत्रमार्ग दाबला जाऊन मूत्रपिंडे निकामी होतात. दुर्गंधीयुक्त स्रावामुळे माणसे खोलीत येईनाशी होतात. या शेवटच्या त्रासाला वैद्यकशास्त्रात किरकोळ नाव असेल, परंतु ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणे स्वच्छ केली तिच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा अपमान असतो. चाचणीतील स्त्रियांचे वय ३० ते ५९ होते, म्हणजे सखूमावशीचेच वय. सासूची, आईची, मुलांची सेवा करण्याच्या वयात त्या स्वतः अंथरुणावर आल्या.

या दुःखावर इलाज नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. मेट्रोनिडॅझोल या साध्या, स्वस्त औषधाने ती दुर्गंधी पुष्कळ कमी होते. तीव्र वेदनेवर दर चार तासांनी तोंडाने द्यावयाचे मॉर्फिन हा उपाय जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच आपल्या तीन पायऱ्यांच्या मार्गदर्शनात सांगितला होता. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही. घरात राहून घेता येतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, भारतात अंमली पदार्थांविषयीचा नवा कठोर कायदा आला होता. निरनिराळे परवाने, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम आणि चुकीला तुरुंगाची भीती यांमुळे औषधविक्रेते व रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली आणि देशातील त्याचा वैद्यकीय वापर कोसळला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारच्या देखरेखीखाली अफूची शेती होते आणि तिचा माल जगाच्या औषधांसाठी जातो; त्याच देशातील खेड्यांत रोगी वेदनेने ओरडत राहतात, अशी ही विसंगती होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'अत्यावश्यक अंमली औषधे' असा वेगळा वर्ग आणि देशभर एकच नियम आले. उस्मानाबादची चाचणी सुरू झाली ती आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ती, अशी दोन्ही वर्षे १९८५ ते २०१४ या कालखंडात येतात. आकडे वाचताना हे दोन कालपट एकमेकांवर ठेवून पाहावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

उपशामक सेवा, जिला दवाखान्यांत 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, ती या काळात महाराष्ट्रात नव्हती असे नाही. १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा यांनी मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू केले. ते भारतातील पहिले हॉस्पिस. पुण्यात १९९७ पासून सिप्ला केंद्र काम करू लागले. परंतु या दोन्ही सोयी मोठ्या शहरांत होत्या, आणि ढोकीच्या रोग्याला शेवटच्या दिवसांत मुंबई-पुण्याला नेणे म्हणजे त्याला त्याच्या माणसांपासून तोडणे होय. केरळने वेगळा मार्ग धरला. १९९३ साली कोळिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्वयंसेवी गटांपर्यंत पसरले आणि २००८ साली तेथील सरकारने त्याविषयी धोरणच जाहीर केले. तेथे रोग्याला सेवेकडे न नेता सेवा रोग्याच्या घरी नेण्यात आली. दोनच्या खाली निर्यापक नसावेत, या जुन्या नियमाचा हा लौकिक अवतार म्हणता येईल. २०१० साली मरणकाळच्या सेवेच्या गुणवत्तेची ४० देशांची क्रमवारी एका ब्रिटिश संस्थेने लावली, तीत भारत शेवटचा होता. २०१५ साली ८० देशांत तो ६७ वा आला. अशा क्रमवाऱ्यांवर फार विसंबू नये. तरी 'सेवेची गुणवत्ता' ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांनी लोकांसमोर आणले.

ही गुणवत्ता आपल्या सरकारी कागदांत उतरल्याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत त्या तेथेच अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांच्यासाठी दाखल झालेल्या याचिकेवर निर्णय देण्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांना तपासणीस पाठविले. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, ही गोष्ट तेव्हा नोंदली गेली. कुशीवर वळविणारे हात दिवसाचे आणि रात्रीचेही असल्याशिवाय हे घडत नाही. २०११ च्या त्या निकालाने आणि मग २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याच्या हक्काचा विचार पुढे नेला. २०२३ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी झाली. पण उपचार थांबविण्याचा हक्क ज्याला उपचार मिळतात त्याच्या उपयोगाचा. ज्याला वेदनाशामक गोळीच मिळालेली नाही त्याच्यासाठी हा प्रश्न अजून एक पायरी अलीकडे आहे.

आज धाराशिव जिल्ह्यातील गावांत हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. ऊसतोडीच्या हंगामात घरातील कर्ती माणसे महिनोन्‌महिने बाहेर असतात, शिकलेली मुले शहरांत स्थिरावली आहेत, आणि सखूमावशीने येऊन राहावे अशी अपेक्षा आता धरता येत नाही. ती धरणे न्याय्यही नव्हते. या कामाला आता समाजाची आणि शासनाची वाटणी लागेल. त्याची सुरुवात नोंदीपासून होऊ शकते, असे आम्हांस वाटते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून रोग्यांची यादी केली. तशाच यादीत आणखी काही रकाने असावेत : वेदना होती काय, औषध मिळाले काय, अंगावर व्रण होते काय, रात्री जवळ कोण होते, आणि त्या माणसाला विश्रांती कोण देत होते. यांतील प्रत्येक प्रश्न 'भगवती आराधने'च्या यादीत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. म्हणून तो परका नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना व अध्यापकांना या विषयात काही करता येण्यासारखे आहे काय, असे कोणी विचारील. आहे. आत्मचरित्रांत, पत्रांत, कथांत, ओव्यांत आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसे विखुरलेली आहेत. आपण आजवर त्यांतील मरणारा वाचला आणि मरणाचे तत्त्वज्ञान वाचले. त्याला पाणी पाजणारा हात कोणाचा, हेही आता वाचू लागावे. उस्मानाबादच्या त्या स्त्रियांच्या उशाशीही कोणीतरी बसले असेल. त्यांच्या आठवणी अजून गावांत आहेत आणि आठवण ठेवणारी माणसे आता म्हातारी होत आली आहेत. त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या शब्दांत, त्या लिहून घेण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने हाती घेतले तर ते नोंदणीच्या कामाला पूरकच ठरेल.